वसंतातली खुडणी: शिरपूरहून द्राक्षांच्या मुलखात

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इटलीतल्या टस्कनीत गेलात, तर फ्लॉरेन्सपासून सिएनापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या द्राक्षबागांनी भरलेल्या दिसतील आणि त्यांत द्राक्षाचा एक मणीही दिसणार नाही. हिवाळाभर निजलेली वेल तेव्हा नुकती जागी होत असते. छाटलेल्या काडीच्या टोकाला मुळांनी वर चढवलेल्या पाण्याचा थेंब लोंबकळतो, डोळे फुगतात, पोंगा फुटतो आणि पोपटी पानाची घडी हळूहळू उलगडते. द्राक्षं पिकायला अजून पाच-सहा महिने असतात. तिथली खुडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात.

आता एप्रिलच्या महिना-दीड महिना आधी आपल्या निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात या. वसंत पंचमी होऊन गेली आहे, होळी जवळ आली आहे आणि पहाटेच्या गारव्यात बायामाणसं ओळीने घड कापताहेत. क्रेट भरून ट्रॅक्टरवर चढताहेत, वाइनरीच्या दारात काट्यावर वजन होतंय आणि आतल्या पोलादी टाक्यांत कालपरवाचा रस खदखदतोय. वेल तीच, व्हिटिस व्हिनिफेरा. सूर्यही तोच. तरी एका देशात वसंत म्हणजे वेलीची पहाट आणि दुसऱ्या देशात वसंत म्हणजे भरलेलं खळं.

वसंतात वाइनच्या मुलखात जायचं, एका गावी मुक्काम ठोकायचा आणि रोज एका दिशेला दिवसभराची फेरी मारायची, हा युरोपातल्या लोकांचा आवडता बेत. शिरपूरकरांना हाच बेत आखायचा असेल, तर त्यासाठी एकच रस्ता पुरतो. गावाजवळून जाणारा मुंबई–आग्रा महामार्ग धरायचा आणि दक्षिणेला निघायचं. इटलीला जाणाऱ्यांनी जरूर जावं, त्यांच्यासाठीही पुढे लिहिलं आहे. पण वसंतात द्राक्षाची वाइन होताना बघायची असेल, तर इटलीपेक्षा नाशिकची बाजू वरचढ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे उलटं वर्ष घडतं कसं, ते समजून घेऊन निघालात तर सहल दुप्पट रंगेल.

द्राक्षवेल मूळची थंड हवेची, पानगळीची. युरोपात हिवाळा आला की ती सगळी पानं टाकते, अन्न खोडात आणि मुळांत साठवते आणि झोपी जाते. जगातला वाइनचा बहुतेक मुलूख ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. फ्लॉरेन्स ४३ अंशांच्याही पुढे. नाशिक मात्र २० अंशांवर. इथे वेलीला झोप लागेल एवढी थंडीच पडत नाही. तिच्या मर्जीवर सोडली, तर ती बारा महिने वाढत राहील, पानांचं रान माजेल आणि घड कुठेतरी चुकारमाकार लागतील. म्हणून हिवाळ्याने करायचं काम इथे कात्री करते, तेही वर्षातून दोनदा.

एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. सगळ्या काड्या बुडाशी एखाद-दुसरा डोळा ठेवून कापतात, वेलीचे आडवे ओलांडे उघडे पडतात आणि भर उन्हाळ्यात वेल नव्याने फुटते. या फुटीकडून फळ मागायचं नसतं. तिने फक्त दमदार काडी तयार करायची. पावसाळा ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तयार काडीचा शेंडा कापतात आणि राखलेल्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे थंडीची झोप न घेताही डोळे एकसाथ फुटतात. या फुटीला घड येतो, फुलोरा होतो, मणी धरतात, मण्यात पाणी उतरतं आणि जानेवारी ते मार्च खुडणी. एका वर्षात दोन वसंत जगणारी ही वेल आहे.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र बाहेरून दिसतच नाही. मे महिन्यात, काडी हिरवी-कोवळी असताना, तिच्या प्रत्येक डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा निकाल लागत असतो. या डोळ्यातून घड निघणार की नुसतीच तणाव्याची बाळी, हे त्या दिवसांतलं ऊन, पानांवर पडणारा उजेड आणि काडीला मिळणारं अन्न यांवर ठरतं. बागायतदार गोडी छाटणीआधी काड्या तपासायला प्रयोगशाळेत देतात. तिथे डोळा ब्लेडने अलगद कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आत मिटलेल्या पानांच्या घड्या दिसतात आणि त्यांच्या कुशीत मोहरीहूनही बारीक, दाणेदार असा एक उंचवटा. तो घड. अजून फूल नाही, मणी नाही, तरी घडाचा आकार तयार. कितव्या डोळ्यात तो आहे हे पाहून कात्री कितव्या डोळ्यावर चालवायची ते ठरतं. फेब्रुवारीत तुम्ही हातात घ्याल तो घड आदल्या मे महिन्याच्या उन्हाने रचलेला असतो.

दख्खनच्या वेलीची ही दुहेरी चाल नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतुता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, हे त्याने नवलाने नोंदवून ठेवलं आहे.

वेलीचं आणखी एक गुपित जमिनीखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात पोचली आणि तिने फ्रान्स-इटलीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या जंगली द्राक्षांची मुळं ही कीड सोसतात, म्हणून त्यांच्या खुंटावर युरोपातल्या जातींची कलमं बांधली गेली. आपल्याकडे नाशिक-सांगलीत खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून डॉगरिजसारखे खुंट आले, तेही अमेरिकी. टस्कनीतली वेल आणि निफाडची वेल, कारणं वेगळी, पण दोघींचेही पाय अमेरिकी मुळांवर.

आता रस्ता. शिरपूर ते नाशिक सुमारे २१० किलोमीटर, थांबतथांबत साडेचार तास धरा. सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली की नरडाणा, सोनगीर, धुळे. मग लळिंगचा किल्ला डाव्या-उजव्या वळणांनी मागे पडतो आणि मालेगाव येतं. या रस्त्यावर डोळे खिडकीबाहेर ठेवा, कारण पिकं बदलताना दिसतात. शिरपूरची ओळख केळी, पपई, कापूस. तापीकाठची ही जमीन समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्याही खाली. चांदवडच्या अलीकडे राहुड घाट चढलात की तुम्ही दख्खनच्या पठारावर आलात. नाशिक ६०० मीटरच्या आसपास. चांदवड ओलांडल्यावर वडाळीभोई, पिंपळगाव बसवंत, ओझर अशा गावांतून दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. मालेगावच्या पश्चिमेला बागलाण आहे. तिथले बागायतदार सगळ्यांच्या आधी छाटणी करून डिसेंबरातच द्राक्षं बाजारात आणतात. पावसात फुलोरा सापडण्याचा धोका पत्करून केलेली ही शेती आहे, आणि तिच्या धाडसाचं मला फार कौतुक वाटतं.

ही चारशे मीटरची चढण महत्त्वाची का? कारण वाइन रात्री घडते. द्राक्ष पिकताना त्यात साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेल श्वासोच्छ्वासात खर्च करते, आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च मोठा. आंबटपणा संपलेल्या द्राक्षाची वाइन सपक होते, तिला कणा राहत नाही. पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी पारा तिशीला टेकतो आणि रात्री दहा-बारा अंशांवर उतरतो. दिवसा साखर भरायची, रात्री आम्ल राखायचं. एक पेच मात्र उरतोच. इटलीत द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस थंड होत जातात, आपल्याकडे पिकतं तेव्हा दिवस तापत जातात. तिकडे खुडणी दोन-चार दिवस लांबली तरी निभावतं, इकडे फेब्रुवारीअखेर चार दिवसांत आंबटपणा हातचा जातो. म्हणून इथला वाइनमेकर या महिन्यांत झोपेचं खोबरं करून बागेत हिंडत असतो.

मुक्काम नाशिकला करा आणि फेऱ्या दिशा धरून आखा. एका दिवसात दोन वाइनऱ्या पुष्कळ झाल्या.

माझी पसंती आधी पूर्वेला, निफाडकडे. महाराष्ट्रात थंडीची लाट आली की बातम्यांत निफाडचं नाव येतं. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून जो आकडा वाचतो, तो बहुतेक वेळा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. याच कुंदेवाडीत यतीन आणि किरण पाटील यांनी उभी केलेली रेव्हेलो ही वाइनरी आहे. तिथे इटालियन वाइनमेकरच्या मदतीने सिसिली बेटावरच्या नेरो दाव्होला आणि ग्रिलो या जाती लावल्या गेल्या. भूमध्य समुद्रातल्या उन्हाळलेल्या बेटावरची द्राक्षं गोदावरीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत! इटलीची वाइन पाहायची असेल तर सुरुवात इथून करा.

निफाडच्या थंडीचा आणि इटलीचा आणखी एक धागा आहे. वसंतात इटलीत कोवळी फूट आली असताना अचानक हिमकडाका पडला, तर बागायतदार रात्री ओळींमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एकदम खाली आला की मणी तडकतात. मग इथले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर धरतात, ठिबक किंवा विहिरीचं पाणी सोडतात. हजारो मैलांवरची दोन माणसं, एकमेकांची भाषा न कळणारी, एकाच भीतीने रात्र जागवतात आणि एकाच उपायाला येतात.

निफाड तालुक्यातच नांदूरमधमेश्वर आहे, जानेवारी २०२०मध्ये रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. फेब्रुवारीत स्थलांतरी पक्षी परतायच्या तयारीत असतात. सकाळ तिथे घालवून मग बागांकडे वळा. वाटेवर विंचूर लागतं. राज्य सरकारने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली आणि विंचूर व सांगलीतलं पलूस इथे वाइन पार्क काढले. आज दिसणाऱ्या अनेक वाइनऱ्यांचा जन्म त्या निर्णयातला.

पश्चिमेला गंगापूर धरणाकडची फेरी सगळ्यांत प्रसिद्ध. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करून परत आले. कॅलिफोर्नियातले वाइनमेकर केरी डॅम्स्की यांना सोबत घेऊन त्यांनी १९९७च्या सुमारास इथे वाइनची द्राक्षं लावली आणि २०००मध्ये त्यांच्या सुला या वाइनरीची पहिली बाटली बाजारात आली. त्या आधी नाशिक म्हणजे खायची द्राक्षं. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी १९२५च्या सुमारास लावलेल्या बागेपासून ही परंपरा सांगतात. वाइनचा आधीचा मोठा प्रयोग पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाला होता. शामराव चौगुले यांच्या इंडाजने फ्रेंच तंत्राने तिथे ऐंशीच्या दशकात फसफसती वाइन बनवली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली. गंगावऱ्हे परिसरात सुलाशिवाय यॉर्क आणि सोमा या वाइनऱ्या आहेत. संध्याकाळी धरणाचं पाणी आणि मागची डोंगररांग यांच्याकडे तोंड करून बसायला जागा मिळाली तर सोडू नका. फक्त शनिवार-रविवार टाळा. मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि गर्दीत कोणी काही समजावून सांगत नाही.

इगतपुरीकडे सांजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झम्पा आणि व्हॅलोने आहेत. उत्तरेला दिंडोरी, तिथे शँडन या फ्रेंच नावाची फसफसती वाइन होते. त्या बाटलीत वाइन दुसऱ्यांदा आंबवतात, वायूला बाहेर पडू देत नाहीत, आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट होतो. जाड काच, तारेने जखडलेलं बूच, हे सगळं त्यासाठी.

या बागांमागे सुखाचाच इतिहास आहे असं नाही. २००८नंतरच्या मंदीत वाइन खपेना, कंपन्यांनी द्राक्षं उचलली नाहीत आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. वाइनचं द्राक्ष बाजारात खायला विकता येत नाही, त्याला वाइनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. बागेत शिरताना हे लक्षात असू द्या. तुमच्यासमोरची ओळ कोणाच्या तरी कर्जाची आणि हिमतीची आहे.

वाइनरीत काय पाहायचं? बहुतेक जण थेट ग्लासाकडे जातात. मी म्हणेन, आधी मणी मागा. शिराझ किंवा कॅबर्नेचा एक मणी बोटांत धरून पाहा. आपण खातो त्या थॉमसनच्या निम्माही नसतो, साल जाड, आत बिया. तो चिरडा. रस जवळजवळ पाण्यासारखा, रंगहीन. लाल वाइनचा सगळा रंग, सगळा तुरटपणा सालीत असतो. म्हणून लाल वाइनला रस सालींसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनला रस आधी पिळून साली बाजूला काढतात. तोच मणी चाखा. आश्चर्य वाटेल इतका गोड लागतो, खायच्या द्राक्षाहून कितीतरी गोड.

किती गोड, ते मोजायचं साधन बागायतदाराच्या खिशात असतं. रिफ्रॅक्टोमीटर, टॉर्चएवढी नळी. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. आत एक गोल दिसतो, वर निळा, खाली पांढरा, आणि दोघांमधली रेघ जिथे आकड्यांना छेदते तो ब्रिक्स. साखर जास्त तितका प्रकाश अधिक वाकतो, आणि रेघ सरकते. खायची द्राक्षं सोळा-अठराला तोडतात, वाइनची बावीस-चोवीसला. एका लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे बागेत उभं राहून, एका थेंबातून, सहा महिन्यांनी बाटलीवर छापायचा आकडा जवळपास सांगता येतो. विज्ञानाची अशी रोकडी जादू मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

पुढचं काम यीस्टचं. डोळ्यांना न दिसणारा हा एकपेशीय जीव साखर खातो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड सोडतो, जवळजवळ निम्मं-निम्मं. लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात हे सिद्ध करेपर्यंत माणसं हजारो वर्षं वाइन करत होती, पण ती कोण करतं हे कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत टाकीच्या झडपेशी कान लावलात, तर आतला बुडबुड आवाज ऐकू येईल. टाकीवर हात ठेवा. पांढऱ्या वाइनची टाकी बाहेरून थंडगार, कारण यीस्ट काम करताना तापतं आणि सुगंध उडून जाऊ नये म्हणून तिला बारा ते सोळा अंशांवर धरून ठेवतात. लाल वाइनच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर धरतात, आणि दिवसातून अनेकदा खालचा रस वर घेऊन त्यावर सोडावा लागतो, नाहीतर रंग सालीतच राहतो. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात.

शिरपूरच्या लोकांना हे फार परकं वाटू नये. याच दिवसांत उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, पळासनेर-बोराडीच्या बाजूला, पावरा कुटुंबं पहाटे मोहाच्या झाडाखाली गळालेली फुलं वेचत असतात. मोहाचं फूल साखरेने भरलेलं, आणि त्या फुलांच्या आंबण्यामागे काम करणारा जीवही यीस्टच. तालुक्याच्या एका टोकाला मोह आणि महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला शिराझ, दोघांचाही हंगाम होळीच्या आगेमागे.

चाखायचं असेल तर थोडं, आणि नियम व वयाची अट सांभाळून. गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे आणि एवढ्या लांबच्या महामार्गाला तीही जास्तच. चव घेताना एक गोष्ट अनुभवा. मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात, तर किंचित गोडवा आणि आंबटपणा ती शमवतात. त्यामुळे खानदेशी शेवभाजीबरोबर जड लाल वाइन घेतलीत तर जीभ भाजेल. तिथे थंड, किंचित गोडसर शेनॅ ब्लाँ शोभते. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं हे द्राक्ष नाशिकला छान रुजलं आहे. लाल वाइन खुलते ती कळण्याच्या भाकरीशी आणि भाजलेल्या मटणाशी. न पिणाऱ्यांनीही या सहलीला जावं, मुलांना तर न्यावंच. शाळेच्या विज्ञानात जे किण्वन वाचतात, ते इथे हजारो लिटरच्या टाकीत चालू असतं.

ज्यांनी खऱ्या इटलीचंच ठरवलं आहे, त्यांनी एप्रिल-मे गाठावा आणि खुडणीची अपेक्षा घरी ठेवावी. फ्लॉरेन्सला मुक्काम करून ग्रेव्हे, राद्दा, कास्तेल्लिना या किआंतीच्या गावांना दिवसाच्या फेऱ्या होतात. याच किआंतीची हद्द १७१६मध्ये तिसऱ्या कोसिमो मेदिचीने फर्मान काढून ठरवली होती, अमुक टेकड्यांतल्या वाइनलाच हे नाव लावायचं म्हणून. 'नाशिक व्हॅली वाइन'ला मिळालेलं भौगोलिक मानांकन त्याच विचाराचं आजचं रूप. भाड्याची गाडी घेतलीत तर जुन्या शहरांच्या आत नेऊ नका. तिथे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असतो, कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाचं पत्र घरी येतं. एप्रिलमध्ये व्हेरोनाला विनइटली हे वाइनचं अवाढव्य प्रदर्शन भरतं, आणि मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभरच्या अनेक वाइनऱ्या लोकांसाठी दारं उघडतात.

व्हेरोनाजवळ व्हाल्पोलिचेल्लाला गेलात, तर अमारोने कशी होते ते विचारा. शरदात खुडलेली द्राक्षं माळ्यावर, हवेशीर फळ्यांवर तीन-चार महिने सुकत ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं, साखर दाटते, आणि मग हिवाळ्यात त्यांची वाइन करतात. तासगावच्या बेदाण्याच्या शेड ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तिथे पाऊल टाकताच ओळख पटेल. आपण सुकवून खातो, ते अर्धं सुकवून पितात.

आणि इटली तुमच्याकडेही येऊन राहिली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली ही वाइनरी इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून उभारली. टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी तिथे येऊन वाइन घडवत आले आहेत. किआंतीचा प्राण असलेलं सांजोव्हेझे हे द्राक्ष अकलूजच्या माळावर पिकतं. टस्कनीत ते शरदात खुडतात, अकलूजला वसंतात. शिरपूरहून अकलूज लांब आहे, त्यासाठी वेगळी सुट्टी काढावी लागेल.

नाशिकसाठी मात्र दोन दिवसही पुरतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. पांढऱ्या वाइनच्या जाती आधी संपतात, लाल मागाहून. निघण्याआधी वाइनरीला फोन करा आणि नुसतं टेस्टिंगचं बुकिंग न करता खुडणी किंवा रस काढणं पाहायला मिळेल का, ते विचारा. बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका, फवारणी झालेली असू शकते. मुलांच्या परीक्षांमुळे मार्च जमत नसेल, तर वसंत पंचमीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा, गर्दी सोसावी लागली तरी चालेल. आखाजीपर्यंत थांबलात, तर खरड छाटणी उरकलेली असेल. वाइनची पुढची द्राक्षं मग थेट जानेवारीत.